‘कोम्पान्येरा’ की ‘कोम्पान्येरे’: क्वीन्समधल्या एका बैठकीचं प्रकरण

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ७ नंबरची ट्रेन रूझवेल्ट अॅव्हेन्यूच्या डोक्यावरून धडधडत जाते. तिच्या आसपास जॅक्सन हाइट्स ही वस्ती आहे. आपल्याकडच्या लोकांना ती ७४व्या रस्त्यावरच्या साड्या, सोनं आणि मिठाईच्या दुकानांमुळे माहीत असते. तिथून थोडं पूर्वेकडे चालत गेलं की दुकानांच्या पाट्या स्पॅनिश होत जातात. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या क्विअर (समलिंगी आणि लैंगिकतेच्या रूढ चौकटीबाहेरच्या) आणि ट्रान्स (जन्मतः ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) लोकांचं हे जुनं ठाणं. १९९० मध्ये हुलिओ रिवेरा या समलिंगी तरुणाचा इथे खून झाला. त्यानंतर लोक संघटित झाले आणि १९९३ पासून क्वीन्सची प्राइड, म्हणजे या लोकांची अभिमानाची, मिरवणूक याच वस्तीतून निघू लागली. अटक झालेल्या ट्रान्स बायकांसाठी जामिनाचे पैसे उभे करणाऱ्या लोरेना बोर्हास इथल्याच. ३० मार्च २०२० रोजी कोविडने त्या गेल्या.

प्रकरण याच वस्तीतलं आहे: कुणाला कोणत्या लिंगाचा शब्द लावायचा, यावरून एका क्विअर-ट्रान्स मदतगटात झालेल्या भांडणाचं. त्यातली संस्था, बैठक आणि माणसं अभ्यासासाठी रचली आहेत. अशा गटांमध्ये वारंवार दिसणाऱ्या चुका इथे एका संध्याकाळीत आणल्या आहेत. व्याकरण, कायदे, पाहणीतले आकडे आणि सार्वजनिक व्यक्तींचे उल्लेख मात्र खरे आहेत.

गट आणि त्याचा नियम

महिन्यातून एकदा चाळीसेक माणसं जमतात. दर आठवड्याला धान्याच्या पिशव्या मिळतात, महिन्यातून दोनदा वकील बसतात, डॉक्टरकडे जायचं तर कुणीतरी सोबत येतं. सभासद मेक्सिको, एक्वादोर, कोलंबिया आणि होंडुरासचे. निम्मे पन्नाशीच्या पुढच्या ट्रान्स बायका, बाकी विशी-तिशीतले. पगारी कार्यकर्ते तीन. तिघंही अमेरिकेत वाढलेले, कॉलेज शिकलेले. स्पॅनिश घरात ऐकलेलं, पण विचार इंग्रजीत चालतो.

या तिघांनी वर्षाच्या सुरुवातीला भाषेचा नियम केला. इंग्रजी कागदांत ‘लॅटिन्क्स’ हा शब्द, म्हणजे ‘लॅटिनो’ किंवा ‘लॅटिना’ऐवजी शेवटी एक्स लावलेलं लिंगनिरपेक्ष रूप. स्पॅनिश कागदांत जिथे पुल्लिंगी ओ किंवा स्त्रीलिंगी आ येतो तिथे एक्स हे अक्षर. बोलताना सगळ्यांसाठी शब्दाला ‘ए’चा शेवट: ‘सगळे’ म्हणताना ‘तोदोस’ किंवा ‘तोदास’ऐवजी ‘तोदेस’. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने नाव आणि स्वतःसाठी हवं ते सर्वनाम सांगायचं. नियम एका पानावर छापून भिंतीवर लावला. सभासदांशी चर्चा झाली नाही, कारण यात चर्चा करण्यासारखं काही आहे असं तिघांना वाटलंच नाही.

हेतूत खोट नव्हती. स्पॅनिशमध्ये शंभर बायका आणि एक पुरुष असला तरी व्याकरण पुल्लिंगी अनेकवचन घेतं, आणि जे बाईही नाहीत आणि पुरुषही नाहीत त्यांच्यासाठी तर विशेषणाला शेवटच उरत नाही. ‘ए’चा शेवट ही कुण्या अमेरिकन विद्यापीठाची कल्पना आहे, हा आरोपही खरा नाही. अर्जेंटिनात २०१८ च्या गर्भपात कायद्याच्या आंदोलनात शाळकरी मुलामुलींनी तो रस्त्यावर आणला आणि टीव्हीवर बोलून दाखवला. पुढे २०२२ मध्ये ब्वेनोस आयरेस शहराच्या सरकारने शाळांतल्या शिक्षकांना तो वापरायला बंदी केली. इकडे जानेवारी २०२३ मध्ये आर्कान्सा राज्याच्या राज्यपालांनी पदावर येताच सरकारी कागदांतून ‘लॅटिन्क्स’ हद्दपार केला. या बंद्या लक्षात ठेवायला हव्यात. आपल्याच माणसाने ‘मला हा शब्द नको’ म्हटलं की कार्यकर्त्यांना त्यात त्या राज्यपालांचा आवाज ऐकू येतो, आणि या प्रकरणात नेमकं तेच झालं.

शब्द किती पोहोचला आहे हेही तपासायला हवं होतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, प्रौढांपैकी २३ टक्क्यांनी ‘लॅटिन्क्स’ ऐकला होता आणि ३ टक्के तो स्वतःसाठी वापरत होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऐकलेल्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवर गेलं, वापरणारे ४ टक्के. ही पाहणी सगळ्या समाजाची आहे, क्विअर मंडळींची नाही. पण जॅक्सन हाइट्समध्ये बैठकीला येणारी पंचावन्न वर्षांची बाई त्या सगळ्या समाजातूनच येते.

त्या संध्याकाळी

बैठक दोन तासांची. स्पॅनिशमधून इंग्रजीत आणि उलट असं तत्काळ भाषांतर कानातल्या यंत्रातून चालू होतं. दुभाषी एकच होती.

सूत्रधाराने एका ज्येष्ठ सभासद बाईंना बोलायला बोलावलं: “बियेनवेनिदे, कोम्पान्येरे.” म्हणजे स्वागत, सोबती, दोन्ही शब्द ‘ए’ लावून. बाईंनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं: “कोम्पान्येरा. कोन आ.” म्हणजे शेवटी आ लावून. सूत्रधाराचं उत्तर: “इथे आपण सगळ्यांसाठी ए वापरतो.” बैठक पुढे सरकली.

वीसेक मिनिटांनी एका तरुण नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला बाई किंवा पुरुष न मानणाऱ्या, सभासदाची पाळी आली. ते इंग्रजीत बोलतात. त्यांचं वाक्य होतं, दर महिन्याला तेच तेच समजावून थकायला होतं. दुभाषीच्या तोंडून बाईंच्या कानात आलं: “एस्तोय कान्सादा.” कान्सादा, म्हणजे थकलेली. बाई मायेने म्हणाल्या, “मिहा, धीर धर.” मिहा म्हणजे पोरी. सूत्रधाराने हात वर करून बैठक थांबवली, फळ्यावर ‘एये’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम लिहिलं आणि बाईंना ते म्हणून दाखवायला सांगितलं. त्याचं स्पेलिंग फ्रेंचमधल्या ‘ती’सारखंच आहे. बाईंनी फळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय, फ्रेंच?” मागच्या दोन रांगा हसल्या. तरुण सभासदाने कानातलं यंत्र काढून खुर्चीवर ठेवलं आणि खोली सोडली.

रात्री व्हॉट्सअॅपच्या गटावर भांडण पेटलं. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट इन्स्टाग्रामवर टाकला; त्यात नावं होती, दोन फोन नंबर होते, आणि ‘माझी सुनावणी पुढच्या महिन्यात आहे’ असा एक संदेशही. सकाळी कार्यकर्त्यांनी बाईंना लिहिलं की उत्तरदायित्वाची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत त्यांनी यायचं नाही. पुढच्या आठवड्यात धान्याच्या रांगेत नेहमीच्या अकरा ज्येष्ठ बायका नव्हत्या.

कारणं उलगडताना

पहिल्या फेरीत कार्यकर्त्यांनी लिहिलेली नोंद दीड ओळीची होती: सभासदाने दुसऱ्या सभासदाचं लिंग वारंवार चुकीचं उच्चारलं आणि खिल्ली उडवली. नंतर बाहेरच्या दोन मध्यस्थांनी घटना क्रमाने मांडली तेव्हा चित्र फारच वेगळं निघालं.

सुरुवात दुभाषीपासून. इंग्रजीत ‘मी थकलोय’ आणि ‘मी थकलेय’ यांत भेद नाही. स्पॅनिशमध्ये क्रियापद लिंग दाखवत नाही, पण विशेषण दाखवतं. दुभाषी ‘मी’ म्हणून बोलते, त्यामुळे प्रत्येक विशेषणापाशी तिला ओ, आ किंवा ए निवडावाच लागतो. आधी कुणी काही सांगितलेलं नसेल तर ती आवाजावरून निवडते. तत्काळ भाषांतरात दोन दुभाषी असतात आणि दर २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलते, कारण त्यापुढे मेंदू दमतो आणि पहिला सापडेल तो शेवट तोंडातून निघतो. इथे पैसे वाचवायला एकच बोलावली होती. ‘कान्सादा’ हा शब्द त्या बचतीतून आला.

त्याआधीच्या सर्वनामांच्या फेरीत तर आणखी गोंधळ होता. इंग्रजीत एकवचनी, लिंगनिरपेक्ष म्हणून वापरलं जाणारं ‘दे’ (they) हे सर्वनाम दुभाषीने ‘एयोस’ केलं होतं, म्हणजे ‘ते पुष्कळ पुरुष’. ज्येष्ठ मंडळींना वाटलं, ही व्यक्ती कुणाबरोबर तरी आलीय. तरुण सभासदाला ‘कोम्पान्येरे’ म्हणायचं, ‘एये’ म्हणायचं, हे बाईंना स्पॅनिशमध्ये कुणी कधी सांगितलंच नव्हतं. चार महिने ‘वारंवार’ होत असलेल्या चुकीतला बराच भाग असा होता. तरुण सभासदाचं दुखणं त्यामुळे कमी होत नाही. त्यांना दर महिन्याला तोच घाव बसत होता. पण घाव करणारा हात कुणाचा, हे ठरवताना हे लागतं.

मग ‘कोम्पान्येरे’. बाईंना नको असलेला शेवट त्यांच्यावर लादला गेला, त्यांनी दुरुस्त केल्यावरही लादला गेला. याला चुकीचं लिंग लावणंच म्हणतात. तटस्थ अक्षर वापरलं म्हणून ते वेगळं होत नाही. न्यूयॉर्क राज्यात १९७६ पासून एक कायदा होता, वेश्याव्यवसायाच्या हेतूने रस्त्यात रेंगाळण्याचा. ट्रान्स बायकांना नुसतं चालताना पकडायला तो वापरला जाई, म्हणून लोक त्याला ‘ट्रान्स असून चालण्याचा गुन्हा’ म्हणत. २ फेब्रुवारी २०२१ रोजी तो रद्द झाला. रूझवेल्ट अॅव्हेन्यूवर पोलिसांच्या आणि कोर्टाच्या तोंडून वर्षानुवर्षं पुल्लिंग ऐकलेल्या बाईसाठी तो ‘आ’ कमावलेला आहे. लॉस एंजेलिसमध्ये २००९ पासून काम करणारी ट्रान्सलातिना कोअलिशन ही ट्रान्स लोकांची संस्था आपल्या नावात ‘अॅट’चं चिन्ह (@) वापरते, एक्स नाही. स्वतःचं नाव स्वतः ठरवणारे गट वेगवेगळ्या जागी पोहोचतात.

खिल्ली मात्र खिल्लीच होती. तिथे दुभाषीचा संबंध नाही, समजुतीचा घोटाळा नाही. सगळ्यांसमोर दुखावलेल्या माणसावर रांगा हसवल्या, आणि बाईंना ते कळत होतं. मध्यस्थांनी हे सौम्य केलं नाही ते बरं केलं. ‘बिचारीला माहीत नव्हतं’ हे वाक्य ज्येष्ठांबद्दल फार लवकर येतं, आणि त्यात त्यांचा मान राहत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र पहिल्या नोंदीत नव्हतंच. ज्यांच्या निर्वासित अर्जाची सुनावणी चालू आहे, ज्यांच्या गावाकडच्या नातेवाइकांना काही माहीत नाही, अशा लोकांची नावं आणि नंबर उघड्यावर गेले. सर्वनाम चुकलं तर माणूस दुखावतो. नंबर फुटला तर दार ठोठावलं जातं. बैठकीत घडलेलं सगळ्यांनी पाहिलं म्हणून त्याची चर्चा झाली. स्क्रीनशॉट कुणी टाकला ते दिसलं नाही, म्हणून तो विषय राहिला.

निलंबनाने काय केलं

बाईंना गेलेल्या संदेशात ‘रेन्दिसियोन दे क्वेन्तास’ असे शब्द होते. उत्तरदायित्वाला स्पॅनिशमध्ये शब्दकोशातला प्रतिशब्द हाच, पण तो सरकारी हिशेब तपासणीचा आहे. इमिग्रेशन कोर्टाच्या फेऱ्या मारणाऱ्या बाईंना तो आरोपपत्रासारखा लागला. गटाचा वकीलच त्यांचाही अर्ज पाहत होता. आता वकील गेला, असं त्यांनी धरलं आणि फोन उचलणं बंद केलं. नंतर सुधारलेल्या मजकुरात ‘आसेर्से कार्गो’ वापरलं गेलं, म्हणजे आपण केलेल्याचा भार आपण उचलणं. बायका रोज तसंच बोलतात.

चळवळीने आपल्याच माणसांना बाहेर काढण्याचा प्रकार नवा नाही. १९७३ मध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या मेळाव्यात ट्रान्स कार्यकर्त्या सिल्विया रिवेरा यांना तुरुंगातल्या ट्रान्स लोकांबद्दल बोलताना गर्दीने हुर्यो दिली होती. ज्यांच्याकडे दुसरीकडे जायला जागा आहे त्यांच्यासाठी ‘काही दिवस येऊ नका’ ही विश्रांती असते. ज्यांचं धान्य, वकील आणि औषधांच्या वेळी सोबत येणारं माणूस याच खोलीत आहे त्यांच्यासाठी ती शिक्षा आहे, आणि तिचं माप चुकीशी जुळत नाही.

मध्यस्थांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट लिहून घेतली: सेवा आणि सभासदत्व वेगळं. प्रक्रिया चालू असताना कुणाचीही पिशवी, वकिलाची वेळ किंवा डॉक्टरकडची सोबत थांबणार नाही. गाठ पडू नये म्हणून हवं तर वेळा बदलतील. सगळ्या प्रकरणातून दुसऱ्या गटाने एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ही उचलावी.

सहा आठवडे

स्क्रीनशॉट आधी. पोस्ट काढायला लावली, ज्यांचे नंबर दिसले त्यांना फोन करून सांगितलं, ज्यांची सुनावणी होती त्यांना त्याच दिवशी वकिलाशी बोलू दिलं. दोघांनी नंबर बदलले. पैसे गटाने दिले. यात तीन दिवस गेले आणि तेवढ्यात बाकीच्यांचा पारा उतरला, तो वेगळा फायदा. याच काळात सर्वनामांची हजेरीवही बंद झाली. कुणाची ओळख काय, हे कागदावर नावापुढे लिहून ठेवण्याची गरज बैठकीला नसते, आणि तो कागद कुणाच्या हाती लागेल याची खात्री कुणालाच नसते.

मग वेगवेगळ्या भेटी. मध्यस्थ दोघं, पगारी कार्यकर्त्यांपैकी कुणी नाही, एक स्पॅनिशमध्ये विचार करणारा आणि एक इंग्रजीत. प्रत्येकाशी पाऊण तास ते तास. लिहून घेतलेल्या टिपणात नावं नाहीत. प्रश्न तीन: काय झालं, त्याने तुमचं काय बिघडलं, पुढच्या वेळी दारातून आत यायला काय हवं. तिसरा प्रश्न आधी विचारला तर माणसं ‘काही नको’ म्हणतात आणि उठतात, म्हणून क्रम पाळायचा. दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई अशा प्रक्रियांत सगळ्यात जास्त नडते. इथे ती गाठ चौथ्या आठवड्यात झाली, तीही तरुण सभासदाने स्वतः मागितली म्हणून.

रूपांतरकारी न्यायाच्या, म्हणजे शिक्षेऐवजी जबाबदारी आणि बदलावर भर देणाऱ्या, कामात लेखिका-कार्यकर्त्या मिया मिंगस यांनी जबाबदारी घेण्याचे चार भाग मांडले आहेत: स्वतःकडे पाहणं, माफी, भरपाई आणि वागणं बदलणं. व्यवहारात बहुतेक गट दुसऱ्यावर उडी मारतात. इथेही पहिला मसुदा “कुणी दुखावलं असेल तर” असा होता. मध्यस्थांनी तो परत दिला. दुसऱ्या मसुद्यात चार वाक्यं उरली: मी काय केलं, त्याने तुम्हाला काय झालं, मला तेव्हा काय कळत होतं, आता मी काय करेन. दोन मिनिटं. बाईंनी ती बैठकीतच, त्याच दोन रांगांसमोर म्हटली, कारण हसू तिथेच झालं होतं आणि तरुण सभासदाला ते तिथेच मिटवायचं होतं. माफी मागताना रडू आलं तर थांबायचं, पण दुखावलेल्या माणसाने उठून समजूत घालायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. पाण्याचा ग्लास मध्यस्थाच्या हाताशी होता.

सूत्रधाराची माफी त्याच बैठकीत आणि आधी झाली. बाईंवर लादलेल्या ‘ए’ची, आणि नियम न विचारता भिंतीवर लावल्याची. हा क्रम महत्त्वाचा. सत्ता ज्याच्याकडे जास्त, त्याने आधी बोललं नाही तर बाकीचं नाटक होतं. संस्थेची भरपाई पैशात ठरली: दुसरा दुभाषी, आणि प्रत्येक बैठकीआधी १५ मिनिटं दुभाष्यांची तयारी. जे बोलणार आहेत त्यांनी हवं तर आपलं नाव आणि हवा तो शेवट तोंडी सांगायचा. ‘माझ्या बाबतीत थकलेले, तयार, एकटे हे शब्द असे म्हणा’ असं ऐकलं की दुभाष्याला विशेषणापाशी अडखळावं लागत नाही.

भाषेचा नवा करार

जुना एक पानी नियम उतरवला. नव्या कराराचा कणा सोपा आहे. माणूस माहीत असेल तर त्याच्यासाठीच्या शब्दांचा शेवट त्याने सांगितलेला, मग तो आ असो, ओ असो की ए. माहीत नसेल तर शेवट लागणार नाही असं बोला. गटाला हाक मारताना ‘तोदास, तोदोस इ तोदेस’ असं तिन्ही म्हणा किंवा ‘हेन्ते’ (लोकहो), ‘फामिलिया’ (कुटुंब) म्हणा.

‘शेवट लागणार नाही असं बोलणं’ स्पॅनिशमध्ये वाटतं तितकं अवघड नाही. कर्ता सर्वनाम बहुतेक वेळा गाळतातच. ‘आला’ आणि ‘आली’ दोन्हींना ‘येगो’. ‘बियेनवेनिदोस’च्या जागी ‘लेस दामोस ला बियेनवेनिदा’, म्हणजे तुमचं स्वागत करतो. यातला ‘लेस’ मुळातच कुणाचंही लिंग सांगत नाही. ‘पेर्सोना’ हा शब्द व्याकरणाने कायम स्त्रीलिंगी, मग माणूस कुणीही असो. आणि ‘एस्तोय कान्सादा’च्या जागी ‘मे कान्सा’, मला याने थकवा येतो. दुभाषीला हा मार्ग त्या संध्याकाळीही खुला होता. मराठीत आपण हेच करतो: ‘मी कंटाळलो’, ‘मी कंटाळले’ यांतून सुटायचं तर ‘मला कंटाळा आला’. या लेखातही तरुण सभासदाबद्दल लिहिताना ‘ते म्हणाले’ टाळून ‘त्यांचं वाक्य होतं’, ‘त्यांना घाव बसत होता’ अशी वळणं घेतली आहेत, ती याच सोयीने.

‘ए’ वापरायचाच तर तो नीट शिकावा लागतो. नुसतं अक्षर बदलून भागत नाही, उच्चार सांभाळावा लागतो: ‘आमिगो’चं (मित्र) ‘आमिगे’ लिहिताना मध्ये यू घालावा लागतो, नाहीतर ग चा ह होतो. ‘चिको’चं (मुलगा) ‘चिके’ करताना क साठी क्यू आणि यू लागतात. ‘हेफे’, म्हणजे साहेब, हा शब्द मुळातच ए ने संपतो आणि तरी पुल्लिंगी आहे. तिथे काही जण ‘हेफि’ म्हणतात, आणि गटाने तो वाद न घालता ‘समन्वयाचं काम पाहणारी व्यक्ती’ असं लिहायचं ठरवलं. ‘त्राबाहादोरेस’, कामगार, यात तर पुल्लिंगी अनेकवचन आणि ए चं अनेकवचन एकच. फरक फक्त आधीच्या ‘लोस’ किंवा ‘लेस’मध्ये ऐकू येतो, आणि तो पटकन बोलताना गिळला जातो. दर बैठकीत दहा मिनिटं अशा शब्दांचा सराव ठेवला. अर्जात न येणारे, रोजचे शब्द घ्यायचे: थकलेले, आजारी, घाबरलेले, तयार.

एक्सला लेखी स्पॅनिशमधून सुट्टी दिली. ज्यांचं वाचन कमी आहे ते व्हॉट्सअॅपचे संदेश फोनकडून वाचून घेतात, आणि मधेच एक्स आला की यंत्र अडखळतं किंवा अक्षरं सुटी म्हणतं. दृष्टिहीन सभासदाला तर ते कायमच नडत होतं. जो संदेश मोठ्याने वाचता येत नाही तो या गटात निम्म्यांपर्यंत पोहोचत नाही.

एक मुद्दा ऐनवेळी पुढे आला. एक्वादोरकडच्या काहींची पहिली भाषा किचवा, मेक्सिकोच्या ओआहाकाकडच्या एकांची सापोतेक. किचवात तो आणि ती यांना एकच ‘पाय’. ओआहाकातल्या तेवान्तेपेक संयोगभूमीच्या सापोतेकमध्ये तिसऱ्या पुरुषात माणूस, प्राणी आणि वस्तू असा भेद होतो, बाई-पुरुष असा नाही. आणि मुशे म्हणवणारे, जन्मतः मुलगा ठरवलेले पण बाईपणाच्या वाटेने जगणारे लोक याच भागातल्या हुचितान शहराकडचे. ही मंडळी स्पॅनिशमध्ये टेबलाचंही लिंग चुकवतात. त्यांच्या तोंडून ओ-आ ची अदलाबदल झाली की कार्यकर्ते दचकत. कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’ म्हणतात त्यावरून जसं काही ठरवता येत नाही, तसं इथेही. करारात लिहिलं गेलं: पहिली चूक ही भाषेची माना; सांगितल्यावर, तीही त्या माणसाच्या भाषेत सांगितल्यावर, पुन्हा होत राहिली तर मग विचारा.

चूक सुधारण्याची पद्धत दोन सेकंदांची. “एया... एये, ग्रासियास,” म्हणजे ‘ती... एये, धन्यवाद’, आणि वाक्य पुढे. क्षमायाचनेचं भाषण नको, कारण मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा ज्याचं नाव चुकलं त्याच्याकडे वळतात. ज्याला स्वतः दुरुस्त करायचा कंटाळा आहे त्याने एक सोबती नेमायचा. त्या सोबत्यानेच टोकायचं, बाकीच्यांनी नाही. चौघांनी एकदम ओरडून दुरुस्त करणं हा मदतीचा प्रकार नाही, तो तमाशा आहे. आणि कुणालाही फळ्यासमोर शब्द ‘म्हणून दाखवायला’ लावायचं नाही.

तीस आणि नव्वद दिवसांनी

पाठपुरावा दोनदा ठरला होता आणि दोनदा झाला. बहुतेक ठिकाणी पहिल्यानंतरच बारगळतो. तिसाव्या दिवशी बाई अजून चुकत होत्या, पण थांबून सुधारत होत्या. तरुण सभासदाने दुभाष्यांच्या तयारीचं काम तासाच्या मानधनावर घेतलं. दोघं एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत. तशी अटही नव्हती. अकरापैकी आठ बायका परतल्या, एक दुसऱ्या गटात गेली, दोघींनी कारण सांगितलं नाही आणि त्यांना पुन्हा विचारलं नाही. त्यांची वकिलाची वेळ मात्र चालू आहे.

स्क्रीनशॉट कुणी टाकला ते पुढे आलं नाही. शोधून काढायचं का, यावर एक अख्खी बैठक गेली आणि नाही असं ठरलं, कारण शोधायचं तर सगळ्यांचे फोन बघावे लागले असते. व्हॉट्सअॅपचा गट दोन भागांत तोडला: घोषणा एका ठिकाणी, जिथे फक्त कार्यकर्ते लिहू शकतात, गप्पा दुसरीकडे, जिथे संदेश आठवड्याने आपोआप पुसले जातात. नावांऐवजी टोपणनावं. संदेश पुसला गेला तरी त्याआधी फोटो काढता येतोच, हेही सगळ्यांना स्पष्ट सांगितलं.

देणगीदारांच्या इंग्रजी अर्जात अजून ‘लॅटिन्क्स’च लिहितात, कारण फॉर्ममधला रकाना तसा आहे आणि त्यावर कुणाला शक्ती घालवायची नाही. दुसऱ्या दुभाष्याचे पैसे सध्या त्याच अर्जातून येतात आणि सहा महिन्यांपुरते आहेत.